हाताने बनवलेली खुकुरी ऑर्डर करताय? आधी एवढं बघून घ्या

माझी पहिली खुकुरी मी काठमांडूला ठमेलमधल्या एका दुकानातून घेतली होती. पातं आरशासारखं चकचकीत, मुठीवर वाघाचं तोंड कोरलेलं, म्यानावर पितळी नक्षी, आणि दुकानदार सांगत होता की हीच गोरखा सैनिक वापरतात. घरी कोकणात आणली आणि कुंपणाचा सुकलेला बांबू तोडायला घेतली तर चौथ्या-पाचव्या घावाला मूठ हातातल्या हातात फिरली. नशीब की पातं निसटून पायावर आलं नाही. मग मूठ गरम पाण्यात धरून सोडवली तेव्हा कळलं, आत गेलेली पात्याची शेपटी जेमतेम दीड-दोन बोटं होती आणि तीही वाकडी, बाकी सगळी पोकळी लाखेने भरलेली.

त्यानंतर ज्या घेतल्या त्या सांगून बनवून घेतल्या. त्यातली एक नऊ वर्षं कामात आहे आणि तिची मूठ अजून तसूभर हललेली नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याला काय बघायचं ते कोणी नीट सांगत नाही, त्यामुळे लोक चकाकी बघून घेतात आणि मग म्हणतात हाताने केलेलं काम टिकत नाही. टिकतं, पण ते नीट मागावं लागतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

(आपण कुकरी म्हणतो, नेपाळात खुकुरी म्हणतात. मी त्यांचाच शब्द वापरतोय.)

१. आधी काम ठरवा, मग आकार

खुकुरी म्हणजे एकच आकार नाही. डोंगराळ पूर्व नेपाळातल्या भोजपूरची ती भोजपुरे, जाड पाठ, रुंद पोट (म्हणजे वाकणापुढचा पात्याचा फुगीर भाग), लाकूड फोडायला उत्तम. सिरुपाते म्हणजे सिरु नावाच्या गवताच्या पानासारखी लांबट आणि अरुंद, हाताला हलकी, झुडपं-वेली साफ करायला, फांद्या छाटायला मस्त. अंगखोलामध्ये वाकणाच्या जागी पाठीला खोलगट भाग असतो त्यामुळे थोडं वजन कमी होतं. चिर्रा म्हणजे पात्यावर लांब खाचा कोरलेली, दिसायला फार देखणी, पण खाचा नीट समान काढणं हे खरं कसबाचं काम आहे आणि स्वस्तातल्या चिर्रामध्ये त्या वाकड्यातिकड्या असतात. पानावाल म्हणजे जिच्यात पात्याचं लोखंड पूर्ण मुठीच्या आकाराचं शेवटपर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकूड किंवा शिंग लावून रिव्हेट मारतात.

कोथिमोरा म्हणून एक प्रकार असतो, म्यानावर चांदीचं काम, ती मानाची भेटवस्तू आहे. भिंतीवर लावायची असेल तर ती घ्या, पण मग तिच्याकडून लाकूड तोडायची अपेक्षा ठेवू नका.

"आर्मी", "ओरिजिनल गोरखा", "सर्व्हिस" अशा नावांना फार भुलू नका. भारतीय सैन्यात आज सात गोरखा रेजिमेंट आहेत, त्यांच्या चिन्हात एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन खुकुरी आहेत हे खरं, पण ते नाव पाटीवर लिहायला कोणालाही पैसे पडत नाहीत. आकार, वजन, लोखंड आणि पाणी (म्हणजे तापवून धार टणक करणं, ते पुढे येतंच) एवढंच विचारायचं.

घराच्या बागेसाठी, ट्रेकच्या कॅम्पसाठी, शेतातल्या हलक्या कामासाठी पहिली घेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: साधी, नक्षी नसलेली, आठ ते नऊ इंचाच्या आतली सिरुपाते किंवा हलकी भोजपुरे.

२. माप, वजन आणि कायदा एकत्रच बघा

लोकांना वाटतं जेवढी जड तेवढी चांगली. बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी बनवलेल्या कित्येक खुकुरी पाठीला १० मिमीच्या पुढे जाड असतात, हातात घेतलं की भारी वाटतं, आणि वीस घावांत मनगट भरून येतं. जुन्या गावाकडच्या खुकुरी हातात घेऊन बघा, मुठीजवळ जाड आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत गेलेल्या असतात, आणि तो उतारच त्यांचा जीव आहे. दहा इंची पात्याला साधारण ५०० ते ६०० ग्रॅम वजन रोजच्या कामाला पुरतं. ऑर्डर देताना "मुठीजवळ ८ मिमी, टोकाकडे उतरती" असं लिहूनच द्या, नुसतं "मीडियम" म्हणू नका.

मुठीची लांबी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पारंपरिक मुठी लहान हाताला बेतलेल्या असतात, आणि मधे एक कंगोरा असतो तो बोटांच्या मधे बसतो. तुमचा पंजा मोठा असेल तर तो कंगोरा नेमका बोटावर येतो आणि तासाभरात फोड. तळहाताची रुंदी मोजपट्टीने मोजा, अंगठा सोडून चार बोटांची, त्यात दीड-दोन सेंटीमीटर मिळवा आणि ते माप पाठवा. कंगोरा नको असेल तर तसं सांगा, करून देतात.

आता कायदा. शस्त्र नियमांच्या यादीत खुकुरीचं नाव चक्क लिहिलेलं आहे: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्रांच्या वर्गात येतं, घरगुती, शेतीच्या वगैरे कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. शिवाय महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा शस्त्र घेऊन फिरणं हाच गुन्हा. म्हणून पहिली खुकुरी ९ इंचांच्या आत आणि २ इंचांपेक्षा अरुंद घ्या, सिरुपातेत हे सहज बसतं. गाडीत सीटखाली टाकून फिरू नका, विमानात केबिन बॅगेत तर अजिबातच नाही, आणि मोठी घ्यायची असेल तर आधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

३. लोखंड आणि पाणी, खरे पैसे इथेच मोजायचे

बहुतेक चांगल्या खुकुरी ट्रकच्या पाट्याच्या लोखंडातून बनतात. आपल्याकडे गावचा लोहार पाट्याचा कोयता करतो ना, तेच. त्यामुळे "जुन्या पाट्याचं आहे" हे ऐकून नाक मुरडायचं कारण नाही, स्प्रिंगचं स्टील चिवट असतं, वाकतं पण मोडत नाही, आणि घाव घालायच्या हत्याराला तोच गुण पाहिजे. स्टेनलेस स्टीलची खुकुरी मात्र कामासाठी घेऊ नका, ती बहुतेक वेळा शोभेचीच असते.

पण लोखंडापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे पाणी. म्हणजे पात्याला पाणी चढवणं. ही गोष्ट एकदा बघाच, प्रत्यक्ष नाही जमलं तर कारागिराकडून व्हिडिओ मागवून. घडवून, कानस मारून तयार झालेलं पातं भट्टीत लालभडक तापवतात, मग कारागीर ते एका हातात सांडशीने धरतो, धार वर, आणि दुसऱ्या हातात चहाची किटली. हो, साधी तोटीची किटली. त्या तोटीतून पाण्याची बारीक धार तो पात्याच्या धारेवरून पोटापासून टोकाकडे, परत पोटाकडे अशी फिरवत राहतो, नजर सगळी रंगावर. चर्र आवाज होतो, वाफ उठते, धारेकडचा लाल रंग एकदम काळा पडतो आणि पाठ मात्र अजून तांबूस असते. म्हणजे धार टणक झाली आणि पाठ मऊ राहिली, आणि पाठीत उरलेली उष्णता परत धारेकडे येऊन तिचा ठिसूळपणा थोडा कमी करते. सगळं पातं एकदम पाण्यात बुडवलं असतं तर सगळंच कडक झालं असतं आणि पहिल्याच गाठीवर तुकडा उडाला असता. हे सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात, मीटर नाही, थर्मामीटर नाही.

ह्यातून तुम्हाला एक गोष्ट कळायला हवी, ती विकणारे सांगत नाहीत. खुकुरी सगळीकडे सारखी कडक नसते. सगळ्यात कडक भाग पोटाचा, जिथे घाव बसतो. मुठीजवळची आणि अगदी टोकाची धार थोडी मऊच असते, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. मुठीजवळची धार मऊ लागली म्हणून "माल खराब" असं लिहू नका.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे लोक म्हणजे विश्वकर्मा, म्हणजे कामी समाज. भट्टीच्या जागेला ते आरन म्हणतात. ज्यांच्या हातच्या खुकुरीवर देशाची ओळख उभी आहे त्यांनाच जातीच्या उतरंडीत अस्पृश्य ठरवलं गेलं, १९६३ च्या कायद्याने ते मोडीत काढलं तरी गावागावातून ते पूर्ण गेलेलं नाही. पात्यावर शिक्का बहुतेक वेळा दुकानाचा असतो, हात कोणाचा ते कुठेच नसतं. म्हणून मी ऑर्डर देताना नेहमी विचारतो की घडवणार कोण, आणि शक्य असेल तर त्यांच्याच आरनमधून घेतो. नाव माहीत असलं की तक्रारही नीट करता येते आणि शाबासकीही योग्य माणसाला पोचते.

४. मूठ आणि आतली शेपटी

माझी फसगत इथेच झाली होती त्यामुळे जरा सविस्तर. पातं मुठीत तीन तऱ्हेने बसवतात. एक, बारीक निमुळती शेपटी मुठीच्या आरपार जाते आणि मागच्या पितळी टोपीवर ठोकून बसवतात. दोन, शेपटी मुठीत अर्ध्यापर्यंत किंवा थोडी पुढे जाते आणि लाखेने पक्की करतात. तीन, पानावाल, रिव्हेटवाली.

दुसरी पद्धत ऐकून घाबरू नका, जुन्या गावाकडच्या कितीतरी खुकुरी तशाच आहेत आणि तीन पिढ्या चालल्यात, कारण शेपटी तापवून लाकडात जाळत-जाळत नेमकी बसवलेली असते, आणि लाख फक्त उरलेल्या फटीत असते. माझ्या त्या पहिल्या खुकुरीत शेपटी आखूड होती आणि भोक मोठं होतं, म्हणजे सगळा भार लाखेवर. लाख उन्हाने मऊ होते, गाडीच्या डिकीत ठेवली तर अजूनच.

उपाय एकदम सोपा आहे: मूठ बसवण्याआधीचा नागड्या पात्याचा फोटो मागा, शेजारी पट्टी ठेवून. जो कारागीर नीट काम करतो तो आनंदाने पाठवतो. जो टाळाटाळ करतो तिथे ऑर्डर थांबवा. मागच्या पितळी टोपीवर चौकोनी ठोकलेला तुकडा दिसला म्हणजे शेपटी आरपार आहे असंही समजू नका, काही ठिकाणी तो नुसता शोभेसाठी लावतात.

मुठीला शिसव किंवा म्हशीचं शिंग. शिंग दिसायला सुंदर, पण कोरड्या हवेत तडकतं आणि काही देशात प्राण्यांच्या वस्तू कस्टममध्ये अडवतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे आधी तपासा, आणि शिसवही २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहे, तेव्हा कागद लागतात का ते विचारा. कामाच्या हत्याराला माझी पसंती लाकूडच, पॉलिश न केलेलं, घामाने हात घसरत नाही.

५. ऑर्डर लिहिताना

फोनवर नको, लिहून. पात्याची लांबी टोकापासून मुठीच्या पितळी कड्यापर्यंत सरळ रेषेत, पाठीची जाडी, जास्तीत जास्त वजन, मुठीची लांबी, शेपटी कशी, कोणत्या कामासाठी, आणि डावखुरे असाल तर तेही, कारण म्यानाचा पट्टा त्याप्रमाणे लागतो. पॉलिश आरशासारखं नको असं सांगा, तेवढी मेहनत धारेवर जाऊ दे. पात्यावरची खाच, म्हणजे मुठीजवळचा तो छोटा आकडा, त्याला काउडी म्हणतात, त्याबद्दल शंकराच्या त्रिशूळापासून गाईच्या खुरापर्यंत सगळ्या गोष्टी ऐकायला मिळतील आणि म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत ठेवत नाहीत हेही ऐकाल. हे शेवटचं खरं नाही, लोक रोज तिने भाजी चिरतात. तुम्ही एवढंच सांगा की खाचेच्या आतले कोपरे गोल ठेवा, कारण टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

भाव विचारताना आकडा आयसी का एनसी ते आधी विचारा, म्हणजे भारतीय रुपये का नेपाळी. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, १९९३ पासून हाच दर बांधलेला आहे. ५००० एनसी म्हणजे आपले ३१२५, हा घोळ खूप जणांचा होतो.

आणि दशैंच्या तोंडावर ऑर्डर देऊ नका. आपल्या नवरात्र-दसऱ्याचेच ते दिवस. आपण खंडेनवमीला कोयता-विळा पुजतो तसं तिकडेही हत्यारांची पूजा होते, त्याआधी बळीच्या मोठ्या खुकुरींच्या ऑर्डरींनी आरनं भरलेली असतात आणि मग सुट्टी. घाईत केलेलं पाणी कोणाच्याच फायद्याचं नाही. पावसाळ्यात भोजपूर, संखुवासभेकडचे रस्तेही भरवशाचे नसतात. धरानसारख्या सपाटीजवळच्या शहरातून पार्सल त्यामानाने लवकर निघतं.

६. हातात आल्यावर तपासणी

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मग सगळ्यात आधी म्यानातून काढायची पद्धत शिका, कारण नवीन माणूस पहिली जखम इथेच करून घेतो. डाव्या हाताने म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूला गुंडाळायची नाहीत. म्यान म्हणजे दोन लाकडी फळ्या आणि वर चामडं, आत धार शिवणीला घासली तर ती कापून बाहेर येऊ शकते. तळवा पाठीच्या बाजूला, पातं पाठीवर टेकवत सावकाश बाहेर.

आता एक-एक करून:

म्यानात घालून उलटी धरा (खाली गादी ठेवा). आपोआप पडली तर म्यान सैल.

ट्यूबलाइटखाली पाठ डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे बघा, बंदूक रोखतात तसं. पातं एका बाजूला कललेलं असेल तर लगेच दिसतं. किंचित कल हाताच्या कामात असतो, तो चालेल, पण धारच नागमोडी असेल तर परत.

नखाने किंवा पेनाने पात्यावर टिचकी मारा. स्वच्छ खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला तर कुठेतरी मूठ सैल आहे किंवा तडा आहे.

तड्याची शंका असेल तर हे करा, मला एका लोहाराने दाखवलं होतं. धारेवर पातळ तेल लावा, पाच-दहा मिनिटं ठेवा, मग कोरड्या फडक्याने एकदम स्वच्छ पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल खडूत उमटतं, केसासारखी काळसर रेघ दिसते. पाणी देताना पडलेले तडे धारेला आडवे असतात. असा एकही तडा दिसला तरी ती खुकुरी वापरू नका, घाव घालताना तुकडा उडतो. फोटो काढून परत पाठवा.

बारीक कानस घ्या. पोटाच्या धारेवर हलकी फिरवली तर ती घसरली पाहिजे, पाठीवर फिरवली तर धरली पाहिजे. दोन्हीकडे धरत असेल तर पाणीच चढलेलं नाही.

मूठ दोन्ही हातांनी पिळून बघा, पितळी कड्यापाशी फट दिसते का, कुरकुर येते का. बरोबर दोन छोटी पाती येतात: कर्द म्हणजे छोटी सुरी आणि चकमक म्हणजे बोथट पोलादी तुकडा. ती म्यानाच्या खिशातून चालताना पडणार नाहीत एवढी घट्ट हवीत.

शेवटी काम देऊन बघा. आधी ओलं लाकूड, मग सुकलेलं, मनगटाएवढं, पंधरा-वीस घाव, पाय फाकवून, फटका पायाच्या रेषेत येणार नाही असे. मग धार उजेडात बघा. कुठे चमकणारा पांढरा ठिपका दिसला तर धार तिथे वळली किंवा उडाली आहे. थोडी वळली असेल तर काळजी नको, चकमक त्यासाठीच आहे, धारेवर दाबून घासली की सरळ होते. लांबवर वळली तर पाणी कमी, तुकडा उडाला तर जास्त, दोन्ही वेळा कारागिराला क्लोजअप फोटो पाठवा. मी एकदा असा फोटो पाठवला तर पलीकडून फक्त एवढंच आलं, "परत पाठवा, पुन्हा पाणी देतो", आणि दिलंही. त्या आरनमधून मी त्यानंतर अजून दोन घेतल्या.

७. वापर आणि निगा

धार बहिर्गोल असते, म्हणजे फुगीर. सपाट दगडावर घासून तिला चाकूसारखी सपाट करू नका, दोन महिन्यांत खराब होईल. जुन्या माउस पॅडवर बारीक सँडपेपर ठेवून धार मागे ओढत घासायची, पॅड दबतो आणि फुगीरपणा राहतो. ग्राइंडरवर तर कधीच नाही, धार निळी पडली की चढवलेलं पाणी उतरलंच म्हणून समजा.

वापर झाला की पुसून तेलाचा हात, शिलाई मशीनचं तेल चालतं, तिकडे मोहरीचं लावतात. कैरी, लिंबू, फणसाचा चीक लागला असेल तर लगेच धुवायचं, नाहीतर सकाळपर्यंत डाग. आणि आपल्या कोकणात, मुंबईत पावसाळ्यात चार महिने म्यानात ठेवू नका. चामडं दमट होतं आणि पातं आतल्या आत गंजतं, बाहेरून कळतही नाही. तेल लावून, जुन्या सुती धोतराच्या कापडात गुंडाळून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच फळीवर, आणि म्यान शेजारी वेगळं. दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघायची. मुठीला वर्षातून दोनदा जवसाचं तेल, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसून काढायचं.